अक्काच्या चुकलेल्या तीन आखाज्या

अक्का गेल्याचा फोन दुपारी सव्वाचारच्या सुमारास आला. मी जळगावला ऑफिसात होतो, समोर फायलींचा गठ्ठा होता आणि चहा नुकताच टेबलावर आला होता. फोन भिला नानांचा होता. नाना म्हणजे अक्काचे चुलत दीर. दोंडाईच्याला तिच्या घराला लागूनच त्यांचं घर. "दिलीप, लवकर ये रे भो. अक्का गई," एवढंच ते बोलले. त्यांच्या आवाजामागे एक कुत्री भुंकत होती, आणि ते भुंकणं मी ओळखलं. ती अक्काची कुरडई होती. ते दुःखाचं भुंकणं नव्हतं. घरात पाहुणे आले की ती जशी आनंदाने भुंकायची तशीच भुंकत होती. घरात माणसं जमायला लागली होती आणि तिला वाटत होतं, आज काहीतरी समारंभ आहे...

अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई-वडील गेल्यावर तिला माहेर म्हणून मीच उरलो होतो. भाऊजी गेले, मूलबाळ नव्हतं, म्हणून ती हातावर हात ठेवून बसली नाही. दोंडाईचा म्हणजे मिरचीचं गाव. तिने घराच्या पुढच्या खोलीत मिरची कांडायचं मशीन टाकलं आणि वीस वर्षं चालवलं. पोत्यातली मिरची निवडायची, ऊन दाखवायची, कांडायची, चाळायची. तिच्या घरी पाय ठेवला की पाहुण्याला आधी दोन शिंका यायच्या, मग पाणी मिळायचं. तिला स्वतःला मात्र कधी शिंक आलेली मी पाहिली नाही. वाळक्या मिरचीच्या ढिगात ती देवघरात बसावं तशी निवांत बसायची. दुपारी तीनला मशीन बंद करून ती परसात खुर्ची टाकायची. त्या दिवशीही टाकली होती. तिथेच ती गेली. चारही कुत्री तिच्या पायाशी आडवी पडलेली होती, असं नानांनी सांगितलं. त्यांना वाटलं, सगळीच झोपलीत.

आता त्या कुत्र्यांबद्दल लिहायला हवं, आणि ते लिहिताना माझ्याबद्दलही लिहावं लागेल. पहिली कुत्री अक्काला मी दिली. दिली म्हणजे टाकली. सहा वर्षांपूर्वी मला साखर निघाली आणि डॉक्टर म्हणाले, रोज तासभर चाला. ऑफिसातल्या एकाने अक्कल शिकवली की कुत्रा पाळा, मग चालावंच लागतं. मी उत्साहाच्या भरात धुळ्याहून लॅब्रेडॉरचं पिल्लू आणलं. भाजलेल्या पापडाच्या रंगाचं, मोठ्या पंजांचं. डेझी असं नावही ठेवलं. पहिले पंधरा दिवस मी चाललो. मग तिने सोफ्याचा कोपरा खाल्ला, माझे दोन बूट खाल्ले, आणि एका रविवारी साहेब घरी आलेले असताना त्यांच्या मांडीवर पाण्याने निथळणारे दोन्ही पाय ठेवले. साहेब हसले, पण मला ते हसू लागलं. माझी बायको मीना म्हणत होती, "लहान आहे हो, शिकेल." मी ऐकलं नाही. पुढच्या शनिवारी तिला गाडीत घातलं आणि दोंडाईच्याला नेलं. अक्काला म्हणालो, "घराला रंग द्यायचाय. आठ दिवस ठेव, मग नेतो."

अक्काने पिल्लाकडे पाहिलं, पिल्लाने अक्काकडे पाहून दणदणीत शिंक दिली. "डेझी काय नाव शे का? बिबडी म्हनसूत हिले," अक्का म्हणाली. बिबडी म्हणजे आमच्याकडचा ज्वारीचा पापड. रंग अगदी तोच होता. आठ दिवस झाले, पंधरा झाले, महिना झाला. मी न्यायला गेलो नाही आणि अक्काने मला कधी सरळ विचारलंही नाही. फक्त दर रविवारच्या फोनवर पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "काय रे दिल्या, रंग वाळना का?" मी म्हणायचो, "वाळतोय." ती म्हणायची, "वाळू दे, वाळू दे. घाई करू नको, डाग पडतीन." आणि मोठ्याने हसायची. तिचं हसणं असं होतं की त्यात टोमणा असला तरी माणसाला आत यायला जागा असायची. मीच आत गेलो नाही.

दोन वर्षांनी शिंदखेड्याच्या एका शिक्षकांच्या काळ्या लॅब्रेडॉरशी बिबडीचं जमलं आणि सात पिल्लं झाली. चार अक्काने पारखून चांगल्या घरी दिली. देताना प्रत्येकाला विचारायची, "तुमना घरले रंग देनं बाकी शे का?" ज्याला प्रश्न कळायचा नाही तो पास व्हायचा. तीन तिने ठेवली. जाडजूड, कायम भुकेला तो फुनक्या. फुनके म्हणजे आमच्याकडचे डाळीचे उकडलेले मुटके, आणि हा खरोखर त्यांच्यासारखा गोल. बापासारखा काळा तो कळण्या, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या काळपट भाकरीच्या रंगाचा. आणि झोपताना अंगाचं वेटोळं करून नाक शेपटीत खुपसणारी ती कुरडई. आई बिबडी धरून चौघं. एकटीचं घर बघता बघता भरलेलं घर झालं.

त्या घरातला आनंद मी डोळ्यांनी पाहिलाय, म्हणून तो ठामपणे सांगू शकतो. लोक म्हणायचे, बिचारीने एकटेपण घालवायला कुत्री पाळलीत. मला ते कधी पटलं नाही. ती वेळ घालवत नव्हती, मजा करत होती. सकाळी मशीन सुरू होण्याआधी ती परसात एक जुनं धोतर फेकायची आणि चौघं त्याचे चार कोपरे धरून ओढायची. ती मधे उभी राहून पंचासारखी ओरडायची, "कळण्या, पाय टेकाडना नही! फुनक्या, तू बाद!" फुनक्या बाद झाला तरी जागचा हलायचा नाही, कारण त्याला नियम कळायचे नाहीत आणि शरम ठाऊक नव्हती. एकदा भिला नानांनी विचारलं, वहिनी, एवढी चार कुत्री, राखण तरी करतात का? अक्का म्हणाली, "चोर उना ते ह्या त्याले चप्पल आनी देतीन." ते शब्दशः खरं होतं. घरात कोणीही आलं की ही चौघं आनंदाने वेडी होऊन जे सापडेल ते तोंडात धरून आणून द्यायची. कधी चप्पल, कधी उलथनं, एकदा तर पोस्टमनला मिरची पुडीचं अख्खं पाकीट. पोस्टमन आठवडाभर दारातूनच पत्रं टाकत होता.

दर रविवारी मिरचीची पोती वाहणारी मालरिक्षा सुट्टीवर असायची. अक्का तिच्यात चौघांना घालून भाऊजींच्या शेतावर न्यायची. पोत्यांच्या उरलेल्या भुकटीने वाटेभर चौघंही शिंकत, आणि ड्रायव्हर म्हणायचा की मला हॉर्नची गरजच पडत नाही. शेतात विहिरीजवळ मोठा हौद होता. रिक्षा थांबायच्या आधीच कळण्या उडी मारून हौदात. मग सगळी. पाणी इतकं उडायचं की शेजारच्या कपाशीच्या दोन सऱ्या आपोआप भिजायच्या. अशा एका रविवारी मीही गेलो होतो, ऑफिसच्या कामाने धुळ्याला जातोय असं घरी सांगून. हौदाच्या काठावर बूट घालून उभा होतो. "बूट काढ रे साहेब," अक्का म्हणाली. मी म्हणालो, नको, परत जायचंय. तेवढ्यात फुनक्याने मागून येऊन मला प्रेमाने धडक दिली आणि मी पँट, शर्ट, खिशातल्या रेल्वे पासासकट हौदात. मी ओरडतोय, चारही कुत्री मला वाचवायला माझ्याच अंगावर चढतायत, आणि अक्का काठावर बसून पोट धरून हसतेय. "तुले पोहता येस ना? मंग बोंबलस काबर?" बिबडीने माझ्या शर्टाची बाही दातात धरली आणि मला काठाकडे ओढू लागली. दात लागू न देता, फार हळुवारपणे. तिला मी आठवत होतो की नाही, मला माहीत नाही. मी मात्र पाण्यात तिच्या डोळ्यांकडे बघू शकलो नाही.

हे सगळं सांगतोय ते पुढचं कबूल करायला बळ यावं म्हणून. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्या खानदेशात सासुरवाशिणींचा सण. लेक कितीही म्हातारी झाली तरी आखाजीला माहेरी येते. झोके बांधतात, सांजोऱ्या तळतात, आमरस-पुरणपोळी होते. अक्काची आखाजी माझ्या घरी व्हायची. बिबडी एकटी होती तेव्हा अक्का तिला नानांकडे ठेवून यायची आणि दोनच दिवसांत परत पळायची. पिल्लं मोठी झाली त्या वर्षी तिचा फोन आला. ती म्हणाली, या खेपेला चौघांना घेऊन येते, कोणाकडे ठेवायला मन होत नाही. आमचं घर स्वतंत्र, पुढे अंगण, मागे मोकळी जागा. अडचण काहीच नव्हती. आणि मी म्हणालो, "अक्का, मीनाला कुत्री चालत नाहीत गं. तिला भीती वाटते. तू एकटी ये."

हे खोटं होतं. मीनाला कुत्र्यांची कसलीच भीती नव्हती. बिबडी गेल्यावर ती आठवडाभर माझ्याशी नीट बोलली नव्हती. खरं कारण दुसरंच होतं, आणि ते तेव्हा मला माझ्याशीही बोलता येत नव्हतं. बिबडी या घरात आली असती, तर सरळ जिन्याखालच्या कोपऱ्यात जाऊन बसली असती, जिथे लहानपणी बसायची. आणि तिथून माझ्याकडे बघितलं असतं. मला ते बघणं नको होतं. सहा वर्षं मी रंग वाळतोय असं म्हणत आलो, कारण एका पिल्लाला मी आठ दिवसांचं सांगून सोडून आलो होतो. साहेबांसमोर मान खाली गेली म्हणून. इतकंच. आणि हे झाकायला मी बायकोचं नाव वापरलं.

अक्का म्हणाली, "मंग ऱ्हाऊ दे रे. येसुत ते पाची जन येसुत, नहीते कोनीच नही." त्यात राग नव्हता. तिने फक्त तिचं कुटुंब केवढं आहे ते मला सांगितलं होतं. त्या आखाजीला ती आली नाही. पुढच्याही नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मीनाला मी सांगत राहिलो की मिरचीचा हंगाम आहे, अक्काला सवड नाही. मीना दर आखाजीला सांजोऱ्यांचा डबा माझ्याबरोबर पाठवायची. अक्का तो डबा धुऊन, त्यात ताजी मिरची पूड भरून परत द्यायची. तीन वर्षं तो डबा मी रेल्वेने नेला-आणला. एकीला वाटत होतं, नणंदेला आता आपलं घर परकं झालं. दुसरीला वाटत होतं, भावजयीला माझी लेकरं नकोत. मधे मी बसलो होतो, डबा मांडीवर घेऊन.

अक्का गेली त्या संध्याकाळी आम्ही दोघं पोचलो तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. बायका रडत होत्या, आणि ही चौघं प्रत्येक येणाऱ्याचं शेपटी हलवून स्वागत करत होती. स्मशानातून परतलो तर दारातल्या चपला गायब. शोधलं, तर परसात अक्काच्या खुर्चीभोवती पन्नास-साठ चपलांचा ढीग. चौघांनी संध्याकाळभर एकेक उचलून तिथे नेऊन ठेवली होती. काही माणसं हसली, मग हसता हसता त्यांनी डोळे पुसले. भिला नाना ढिगातून आपली चप्पल शोधत म्हणाले, "वहिनी उठाले पाहिजे म्हनीसन आनी राहिनात रे."

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांच्या बायकोने, शेवंता काकूंनी, मीनाच्या हातात चहाचा कप दिला आणि सहज म्हणाल्या, "आते काय फायदा वं मीना. तुले कुत्रा चालत नही, म्हनीसन ती तीन वरीस माहेरले उनी नही. पन तुले एक शबूद बोलनी नही हां. म्हने, भावजाईनं घर शे, तिनाच हक शे." मी दोन हात अंतरावर बसलो होतो. मीनाने माझ्याकडे पाहिलं. ती तिथे सगळं सांगू शकली असती. तिने कप खाली ठेवला, म्हणाली, "हो काकू, चुकलंच," आणि उठून बिबडीच्या शेजारी जमिनीवर जाऊन बसली. बिबडीने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. काकू बघतच राहिल्या.

परतीच्या गाडीत मीना खिडकीबाहेर बघत होती. नरडाणा गेलं. अमळनेर आलं, गाडी थांबली, चहावाला येऊन गेला. तेव्हा ती बोलली. "नाही म्हणायचं होतं तर स्वतःच्या तोंडाने म्हणायचं. माझं तोंड कशाला वापरलंत?" मी अक्काशी फोनवर झालेलं सगळं सांगितलं आणि म्हणालो, "चुकलो." ती म्हणाली, "मला नका सांगू. माझं काय, मी इथेच आहे." एवढं बोलून तिने पुन्हा बाहेर बघितलं.

कुत्र्यांचं काय करायचं, हा प्रश्न दहाव्याच्या दिवशी निघाला. कोणी म्हणालं वाटून टाका, चार घरं बघा. कोणी म्हणालं शेतावर सोडा, राखण होईल. ऐकून मला हसू आलं, राखण! नाना म्हणाले, मी सांभाळतो, पण माझंही वय झालं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "बघू." होय, तेव्हाही मी बघू म्हणालो. माणूस एका दिवसात बदलत नाही, निदान मी तरी नाही. पुढे कितीतरी दिवस मी नानांना पैसे पाठवत राहिलो आणि स्वतःला सांगत राहिलो की व्यवस्था झाली आहे.

आखाजीला चार दिवस उरले होते. मीना स्वयंपाकघरात सांजोऱ्यांचा रवा भाजत होती. मागे न बघता म्हणाली, "पाची जण येणार होते ना? एकीला तुम्ही उशीर केलात. चौघांना तरी आणा." त्यात विनंती नव्हती. मी दुसऱ्या दिवशी पिकअप गाडी ठरवून दोंडाईच्याला गेलो. अक्काच्या परसात उभं राहून, कोणीही नसताना, मी बिबडीला म्हणालो, "रंग वाळला गं. चल." तिने माझ्या तोंडावर शिंक दिली. ड्रायव्हर शेजारी बसा म्हणत होता, पण मी मागे, चौघांच्या मधोमध बसलो. धुळ्याच्या बाहेर फुनक्याने माझा डबा उघडून भाकरी खाल्ली. एरंडोलपर्यंत कुरडई माझ्या पायांवर वेटोळं करून झोपली होती, आणि पाय बधिर झाले तरी मी ते हलवले नाहीत.

घरी आल्यावर मला ज्याची सहा वर्षं भीती होती ते झालंच नाही. बिबडी जिन्याखाली गेली, हुंगली, आणि तिथे मीनाने धुणं ठेवलंय हे बघून सरळ स्वयंपाकघराच्या दारात जाऊन पसरली. तिला माझा हिशेब मांडायचा नव्हताच. आखाजीच्या दिवशी मीनाने निखाऱ्यावर आगारी टाकली, पितरांच्या नावाचा घास, आणि अक्काच्या नावाने एक पान वाढून ओट्यावर ठेवलं. पुरणपोळी, आमरस, सांजोरी. पाणी फिरवून आम्ही हात जोडले, डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा पान चाटूनपुसून लख्ख होतं. फुनक्याच्या मिशांना आमरस लागला होता. मी ओरडणार तेवढ्यात मीना म्हणाली, "राहू द्या. माहेरी आलेत."

एक गोष्ट मात्र मला उमजत नव्हती. ही चौघं माझ्याजवळ यायची, शेपट्या हलवायची, पण मी कुरवाळायला तळवा पुढे केला की मान बाजूला घ्यायची. मला वाटलं, हे माझ्या वाट्याचं आहे आणि मी ते घेतलं पाहिजे. मग त्याच कुत्र्यांनी माझ्या काखेत नाक खुपसून डोकं माझ्या कोपराखाली घालायचं आणि तसंच थांबून राहायचं. चौघांनीही. आठ दिवसांनी मी नानांना फोन करून विचारलं. पलीकडून म्हातारा हसला आणि मग हसता हसता थांबला. म्हणाला, "अरे, तुनी बहीन दिवसभर मिरचीम्हा. हात लावना ते त्यास्ना डोया जळतीन. म्हनीसन ती कोपरवरी लाड करे. पिल्लं व्हतात तैपासून."

माझ्या हातांना फायलींशिवाय कधी काही लागलेलं नाही. तरीही ऑफिसातून आलो की मी ओट्यावर बसतो, हाताच्या मुठी मिटून घेतो आणि दोन्ही कोपरं बाहेर काढतो. डावीकडे कुरडई आणि बिबडी येतात, उजवीकडे कळण्या. फुनक्याला जागा उरत नाही, म्हणून मीना शेजारी येऊन बसते आणि तिचं कोपर पुढे करते.